तुरटीतला लाल ठिपका

फोन आला तेव्हा अकरावीचं प्रात्यक्षिक चालू होतं. वहिनींचा फोन एरवी रविवारी यायचा, आणि तो मंगळवार होता, म्हणजे उचलायच्या आधीच मला कळायला हवं होतं. "माधव भाऊजी, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्यासुद्धा सरच म्हणायच्या. मागं कुणीतरी रडत होतं, आणि कुणीतरी टँकरवाल्याला "आज नगं, उद्या ये" म्हणून सांगत होतं. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवून पुन्हा वर्गात आलो आणि पोरांची लोलकाची मोजमापं तपासत बसलो. एका पोरीचं चुकलं होतं, तिला परत करायला लावलं. बस नायगावहून नांदेडला येईपर्यंत मला रडू आलं नाही. लातूरच्या बसमध्ये, लोह्याच्या पुढं कधीतरी आलं.

त्याला आता सहा आठवडे होतील. व्यंकट सरांवर लोकांनी लिहायचं ते लिहिलं. शिस्तीचे होते, साधे होते, पोरांना जीव लावायचे. सगळं खरं आहे. नांदेडच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावर लातूरला घर केलं. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. मला मात्र त्यांच्याबद्दल एकच गोष्ट लिहायची आहे. ती त्यांना वेळेवर सांगायला हवी होती, आणि मी वीस वर्षं सांगितली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी पारावर पेढे वाटले आणि विचारेल त्याला, न विचारेल त्याला, "पोरगं सायन्स झालंय" म्हणून सांगितलं. मला त्याचा गर्व होता. आजही आहे, कशाला लपवू? नोकरीच्या पहिल्याच दिवशी व्यंकट सरांनी सहज म्हटलं, "माधवा, दोन चहा सांगून ये रे." मी ताठ उभा राहून म्हणालो, "सर, मी शिपाई न्हाई. मी बी.एस्सी. हाय." सरांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं. तू बस, मी आणतो." आणि खरंच गेले. दोन ग्लास बोटांत अडकवून, जिन्यावर थोडा सांडत, चहा घेऊन आले.

चहा झाल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. गरम पाण्यात विरघळवलेल्या तुरटीचा एक थेंब काचपट्टीवर टाकला आणि म्हणाले, "बघत राहा. बोलू नको." पाच मिनिटं काहीच नव्हतं. नुसतं पाणी. मला वाटलं, आपली गंमत करून राहिलेत. मग थेंबाच्या काठाला, जिथं पाणी आधी वाळतं तिथं, एक टोक दिसलं. कुठून आलं ते कळलं नाही. आधी नव्हतं, मग होतं. बघता बघता त्याला कडा फुटल्या, कोन आले, आणि कुणी पट्टी लावून आखावं तसा एक खडा माझ्या डोळ्यासमोर सरकत मोठा होत गेला. त्याच्या शेजारी दुसरा. भिंगावरचा डोळा न काढताच मी "कोण आखतंय हे, सर?" असं वेड्यासारखं विचारलं. सर म्हणाले, "कुणीच न्हाई. आपण नुसतं बघायचं. ढकलता येत न्हाई आन थांबवता बी येत न्हाई." मग हात लांब करून त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. बघून झालं की दिवा बंद, हा त्यांचा नियम. "तुरटीला ताप सोसत न्हाई," म्हणायचे.

गावी गेल्यावर वडिलांनी विचारलं, काम काय करतोस. म्हणालो, तुरटी वाढवतो. मग म्हणाले, "न्हाव्याच्या दुकानात मिळती की रं. त्याच्यासाठी पंधरा वर्षं शिकलास?" मी ही गोष्ट सरांना सांगितली तेव्हा ते इतके हसले की शेजारच्या वर्गातून प्राध्यापक बघायला आले. पुढं वडील नांदेडला आले की सर त्यांना मुद्दाम सूक्ष्मदर्शकातून खडे दाखवायचे आणि विचारायचे, "काय बापू, न्हाव्याकडं असा मिळंल का?"

सर ह्या खड्यांवरच पीएच.डी. करत होते. द्रावणातून स्फटिक वाढतो तेव्हा त्याची प्रत्येक बाजू सारख्या वेगानं वाढत नाही. एखादी बाजू पळते, एखादी अडून बसते, मग अडलेली एकाएकी उठते. हे का होतं, ते एकाच खड्यावर, आठवडेच्या आठवडे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं होतं. प्रयोगशाळेच्या मागं पूर्वी फोटो धुवायची एक अंधारी खोली होती, ती सरांनी मागून घेतली. तापमान हलू नये म्हणून दाराला आतून वहिनींनी शिवलेली गोधडी लावली. सूक्ष्मदर्शकाच्या बैठकीवर काचेची चपटी डबी, तिच्यात तुरटीनं गच्च भरलेलं द्रावण, तळाशी ज्वारीच्या दाण्याहून लहान एक खडा. डबीवर काचेचं झाकण, पण एका बाजूला बोटभर फट ठेवलेली, पाणी हळूहळू उडून जावं म्हणून. दिवसातून तीनदा आत जायचं, नाकाला रुमाल बांधून. भिंगातल्या पट्टीवर खड्याच्या कडा मोजायच्या, वहीत लिहायच्या, दिवा बंद करून बाहेर. सकाळची मोजणी माझ्याकडं होती, म्हणून खोलीची एक किल्ली माझ्याकडं होती. दुसरी सरांकडं.

अशा द्रावणाला एकाच गोष्टीची भीती. कचरा. पाणी पोटात मावणार नाही एवढं भरलेलं असतं, पण आपण होऊन ते नवीन खडा धरत नाही. त्याला कशाचा तरी आधार लागतो. धुळीचा एक कण पुरतो. कण पडला की त्याच्याभोवती खडा, दुसऱ्या कणाभोवती दुसरा... आणि मग ज्या एका खड्यासाठी सगळा खटाटोप, त्याचं वाढणं तिथंच बिघडतं. सर हे मला दहा वेळा सांगून चुकले होते. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आधीचे दोन प्रयोग वीज जाऊन तापमान बिघडल्यामुळं वाया गेले होते. हा तिसरा. पीएच.डी.ची मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि दिवाळीनंतर वाढणार नाही असं पत्र आलं होतं. खडा सात आठवडे छान वाढत होता. अजून दोन-अडीच आठवडे मिळाले की काम फत्ते. दसऱ्यासाठी सर अष्टमीलाच आईला भेटायला चाकूरकडं त्यांच्या गावी निघाले. जाताना म्हणाले, "दोन दिवस मोजायला बी जाऊ नको. सणाचा दिवस हाय, त्याला बी सुट्टी दे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी प्रयोगशाळेत आम्ही यंत्रांची पूजा केली. तराजू, पाण्याचा पंप, लेथ मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. नारळ फोडला. सगळे गेले. मी कुलपं लावत होतो आणि त्या खोलीशी थांबलो.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मला आजही स्वच्छ आठवतं. आमच्या घरी खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, पाभर मांडायचे. वडील म्हणायचे, ज्याच्यावर पोट, त्याला हात जोडायचे. माझं पोट कशावर होतं? त्या सूक्ष्मदर्शकावर. आमच्या अख्ख्या खानदानात असलं हत्यार कुणाच्या हातात आलं नव्हतं. बाहेरच्या पंपाला कुंकू आणि माझ्या हत्याराला काहीच नाही, हे मला बघवेना. मी किल्ली लावली. रुमाल बांधला, तेवढी अक्कल होती. चिमटीत कुंकू घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर बोट टेकवलं. चिमटीतलं थोडं खाली सांडलं. डबीच्या झाकणावर चार-सहा लाल कण. पुसायला गेलो तर झाकण हलेल म्हणून भीती वाटली... आणि मी रुमाल खाली करून फुंकर मारली.

कण उडाले. कुठं उडाले ते बघायला मी भिंगाला डोळा लावला. काही दिसलं नाही. खडा होता तसा होता. हात जोडले, दिवा बंद केला, कुलूप लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांच्या आधी पोचलो. झोप लागली नव्हती, म्हणजे मनात कुठंतरी माहीत होतं. डबीच्या तळाशी रवा सांडल्यासारखे बारीक खडे पसरले होते, शेकड्यांनी. मोठ्या खड्याच्या अंगावर चामखिळीसारखे दुसरे खडे बसले होते. मी काय केलं सांगतो. मी कापूस घेतला आणि नळीवरचं कुंकू पुसून काढलं. स्वतः केलेल्या पूजेची खूण पुसणारा मीच पहिला असेन.

सर आले. खिशातून आपट्याची पानं काढून माझ्या हातात दिली, मिठी मारली. "आईनं तुझ्यासाठी करंज्या दिल्यात," म्हणाले. मग आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. हाक मारली ती अगदी हळू. "माधवा, हे बघ." मी बघितलं, जणू पहिल्यांदाच. "कुणी आलं होतं का रे आत?"

मी म्हणालो, "न्हाई, सर."

सर स्टुलावर बसले. विचार करताना त्यांची एक सवय होती, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवायचे, भिंगाचं चाक फिरवल्यासारखं. तसं फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग माझंच चुकलं असंल. निघायच्या घाईत झाकण सरकलं असंल माझ्या हातानं." त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर ते रागावले असते, कदाचित महिनाभर बोललेही नसते. बास, एवढंच झालं असतं. पण पहिल्या दिवशी 'मी शिपाई न्हाई' म्हणणारा मी, शिपायालाही कळतं ते मला कळलं नाही असं कोणत्या तोंडानं सांगणार? त्या दुपारी सरांनी ते बारीक खडे काढून काचपट्टीवर घेतले आणि वहिनींच्या गुलाबी नेलपॉलिशनं कडा बंद केल्या. हवा लागू नये म्हणून ते नेहमीच तसं करायचे, आणि वहिनी नेहमी म्हणायच्या, "माझ्या नखांपेक्षा ह्यांच्या काचा सजल्यात." मी विचारलं, "ह्याचं काय करायचं आता, सर?" म्हणाले, "नोंद म्हणून राहू दे."

मुदत संपली. परत सुरू करायला कुणी परवानगी दिली नाही. सरांच्या मागून आलेली पोरं डॉक्टर झाली, विभागप्रमुख झाली. निरोप समारंभात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं सवयीनं "डॉक्टर" म्हणून त्यांचं नाव पुकारलं. सर उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "डॉक्टर न्हाई बाई. नुसता व्यंकट." सभागृह हसलं. मी मागच्या रांगेत होतो. मला मान वर करवेना.

तोवर मी नायगावला कनिष्ठ महाविद्यालयात मास्तर झालो होतो. तेही सरांमुळंच. नोकरी करत एम.एस्सी. कर, बी.एड. कर म्हणून पाठीमागं लागले, फॉर्म स्वतः आणून दिले. माझा निकाल लागला तेव्हा माझ्या वडिलांआधी त्यांनी पेढे वाटले. दर वर्षी खंडेनवमीला सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "पूजा केलीस का रे? सूक्ष्मदर्शकाला नुसतं फूल वाहा बरं. कुंकू दाराच्या चौकटीला लाव." मी "हाव सर" म्हणून होकार द्यायचो. मग ते थोडं थांबायचे... पलीकडून श्वास ऐकू यायचा. "आन बाकी काय?" विचारायचे. मी म्हणायचो, "बाकी काय न्हाई, सर. तुमची तब्येत कशी हाय?" वीस वर्षं.

मागच्या वर्षी सरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, एक सोडून. "हाव." ऐकू येत होतं, डोळे ओळखत होते, पण काहीही विचारा, तोंडातून तेवढंच यायचं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कश्शालाबी हाव म्हणतेत. परवा विचारलं, मी कोण तुमची, आई का? तर म्हणले, हाव!" हसल्या आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. डॉक्टर म्हणाले होते, सुधारलं तर सुधारेल. आम्ही वाट बघत होतो. ढकलता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं.

सर जायच्या तीन आठवडे आधी मी लातूरला गेलो तो सांगायचं ठरवूनच. अहमदपूरला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावंसं वाटलं होतं. खोलीत सर आणि मी दोघंच होतो. त्यांचा डावा हात चादरीवर होता. मी तो धरला आणि म्हणालो, "सर, तो दसऱ्याचा खडा... आत मी गेलो होतो. पूजा करायला. कुंकू माझ्या हातून पडलं. झाकण तुमच्या हातानं सरकलं नव्हतं." सर माझ्याकडं बघत होते. नीट, एकटक, पहिल्या दिवशी चष्मा काढून बघितलं होतं तसं.

"हाव," सर म्हणाले.

माझ्या हातात त्यांचा अंगठा बोटावर फिरत होता. मी विचारलं, "सर, तुम्हाला कळलं ना मी काय म्हणालो ते?" "हाव." "रागावलात का?" "हाव." "माफ केलं का, सर?" "हाव." तेवढ्यात दारातून वहिनींनी विचारलं, "चहा टाकू का हो?" आणि सर त्याच सुरात, त्याच डोळ्यांनी म्हणाले, "हाव."

चहा आला. वहिनींनी त्यांना चमच्यानं पाजला, मी ग्लास हातात धरून बसलो. परतीच्या बसमध्ये मी तो शब्द पन्नास वेळा मनात वाजवून बघितला. पहिला हाव वेगळा होता का? थोडा लांबवला होता का? अशा गोष्टीला मोजायची पट्टी नसते.

तेराव्याला वहिनींनी काचपट्ट्यांची लाकडी पेटी माझ्या हातात दिली. "हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार? पोरगा म्हणतोय, शोकेसमधी ठेवू. कशाला धूळ खायला?" पेटी नायगावला आणली, आमच्या प्रयोगशाळेत उघडली. प्रत्येक पट्टीवर सरांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी. 'बोअरचं पाणी, घरचं.' 'खडीसाखर, चाकूरची जत्रा.' 'शकूच्या डोळ्यातलं पाणी, कांदा चिरताना.' शकू म्हणजे वहिनी. वाचून हसू आलं, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. शेवटच्या खाचेत एक पट्टी होती, गुलाबी कडांची. नेलपॉलिश पिवळट पडलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'खंडेनवमी. कुंकू?'

मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तुरटीचे बारीक खडे, कडा अजून धारदार, जसे त्या दुपारी होते तसे. त्यातल्या एकाच्या बरोबर मध्यावर एक ठिपका. खालून उजेड सोडला तर काळा. वरून बॅटरी धरली तर लाल.

म्हणजे त्याच दुपारी त्यांनी बघितलं होतं. किल्ल्या दोन होत्या, आणि ते स्वतः चाकूरला होते. त्यांना विचारायचं काही शिल्लकच नव्हतं, तरी त्यांनी ते प्रश्नचिन्ह काढलं. आणि दर खंडेनवमीला फोन करून, "आन बाकी काय?" म्हणून, वीस वर्षं वाट बघितली. मी एकदा म्हणायचं होतं, बास. ते कधी म्हणाले नाहीत, कारण म्हणायचं मी होतं.

मी शिसपेन्सिल घेतली. त्या प्रश्नचिन्हापुढं थोडी जागा होती, एक शब्द मावेल एवढी. हाव, लिहायला गेलो. पण चिठ्ठी टिकावी म्हणून सरांनी तिच्यावर चिकटपट्टी लावली होती, नीट, चारही कडा दाबून. पेन्सिल उठेना. नुसती घसरत राहिली. तीनदा करून बघितलं.

मग हात लांब करून दिवा बंद केला. तुरटीला ताप सोसत नाही.